एसटीतली ओळख

विट्याच्या त्या शाळेत आम्हाला पहिला माणूस दिसला, तो आमच्याच गल्लीतला औषधांचा दुकानदार.

चौथीचा वर्ग होता. फळ्यावर 'पाण्याचे उपयोग' असं लिहिलेलं होतं आणि त्यासमोर बुटक्या बाकांवर आठ-दहा मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती. दुसऱ्या बाकावर काशीद. आदल्याच संध्याकाळी मी त्यांच्या दुकानातून आबांच्या लिव्हरच्या गोळ्या आणल्या होत्या आणि त्यांनी "सर बरे आहेत ना?" असं विचारलंही होतं.

आबा दारातच थांबले. काशीदांनी वर पाहिलं. मग दोघांनीही एकदमच फळ्याकडे पाहिलं आणि पाण्याचे उपयोग वाचायला लागले.

"चल," आबा हळूच म्हणाले. "वर्ग चुकला."

"चुकलेला नाही."

"खिडकीशी कोण आहे बघ."

खिडकीशी बाबर साहेब होते. कराडच्या ज्या बँकेत आबांची पेन्शन जमा व्हायची, तिथून तीनच वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. आम्ही त्यांना पाहिलं आहे हे त्यांना कळायच्या आत त्यांनी चेहऱ्यापुढे वर्तमानपत्र धरलं.

चाळीस किलोमीटर आलो होतो आम्ही, कराडचं कोणी भेटू नये म्हणून.

हे सगळं माझ्या फोनमुळे झालं होतं. डॉक्टरांनी रिपोर्ट आबांच्या हातात न देता माझ्या हातात दिला होता. "अशीच चालू राहिली तर वर्षभर," ते म्हणाले होते. "थांबली तर किती ते मला सांगता येत नाही, आणि तेच चांगलं आहे." मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. कुठलीही गोष्ट हवी असली की आधी तिची नोंद शोधायची ही माझी सवय. पण दारू सोडणाऱ्यांच्या या मंडळाची नोंद कुठेच सापडेना. नाव लपवणाऱ्यांची पाटी तरी कशी असणार? शेवटी दवाखान्यातल्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेला एक नंबर मिळाला.

"कराडातच आहे की बैठक," फोनवरचा माणूस म्हणाला. "रविवारी अकराला." आणि त्यानं शाळेचं नाव सांगितलं.

मी ते आबांना सांगितलं. ते जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला.

"माझी शाळा?"

"हो."

"बत्तीस वर्षं गणित शिकवलं मी तिथं. त्या खोलीत माझेच विद्यार्थी बसले असतील. हजेरी कोण कुणाची घेणार?"

मी पुन्हा फोन केला. दुसरीकडे कुठे आहे का, असं विचारलं. 

"विट्याला आहे," तो म्हणाला. "जा तिथं. तुम्हाला बरं वाटेल."

त्याच्या आवाजात हसू होतं, हे मला त्या दिवशी चौथीच्या वर्गाच्या दारात उभं राहिल्यावर कळलं.

"या, या. बसा," फळ्याजवळचा एक सावळा, ठेंगणा माणूस म्हणाला. हे हणमंतदादा. वीस वर्षं मदुराईला सोनं गाळायच्या धंद्यात होते आणि दारूपायी दुकान, भागीदार आणि दोन बोटं गमावून विट्याला परत आले होते. "इथं नुसतं पहिलं नाव सांगायचं."

"नुसतं नाव?" आबा म्हणाले. "वडिलांचं नाव, आडनाव काही नको?"

"नको."

"मग एकाच नावाचे दोघं असले तर?"

"तर दोघंही दारुडेच असतात, सर. घोटाळा होत नाही."

त्यांनी 'सर' म्हटलं आणि आबा दचकले. हणमंतदादांना कुणी काही सांगितलं नव्हतं. पण आबा कुठेही उभे राहिले की पाठीमागे फळा आहे असंच वाटायचं.

एकेक जण उठत होता. मी अमुक, मी दारुडा आहे, इतके दिवस घेतलेली नाही. काशीदही उठले. "मी दिलीप," ते आमच्याकडे न बघता म्हणाले, "मी दारुडा आहे. चौदा महिने." इतकी वर्षं मी त्यांच्या दुकानात जात होते आणि त्यांचं नाव दिलीप आहे हे मला त्या वर्गात कळलं. बाबर साहेबांनी वर्तमानपत्रामागूनच "शंकर. तेच. तीन महिने," एवढं सांगितलं. मग आबांची पाळी आली.

आबा उठले. त्यांनी सदऱ्याची बटणं तपासली.

"मी यशवंत," ते म्हणाले. "मी मुलीबरोबर आलोय."

सगळ्या वर्गानं माझ्याकडे वळून पाहिलं. एक म्हातारबुवा कळवळून म्हणाले, "एवढ्या लहान वयात, पोरी?"

मी चाळिशीला टेकले होते. आबांनी खुलासा केला नाही. ते शांतपणे खाली बसले, आणि त्या म्हातारबुवांनी जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून मला गुळाचा खडा दिला.

तो गूळ हे तिथलं औषध होतं. इच्छा झाली की खडा तोंडात टाकायचा, तो विरघळेपर्यंत कुठलाही निर्णय घ्यायचा नाही. आबांना हे पटलं. त्यात वेळेचं माप होतं. त्यांनी सदऱ्याच्या खिशात गूळ ठेवायला सुरुवात केली आणि आमच्या घरात मुंग्या आल्या.

"आधी वास यायचा," आई धुण्याचे कपडे झटकत म्हणाली, "आता मुंग्या येतात. या माणसाच्या खिशात काही ना काही असायचंच."

पण ती गूळ स्वतः फोडून द्यायला लागली होती, सारखे खडे करून.

आबा पाच रविवार आले. पाचही आठवडे त्यांनी घेतली नाही, त्याआधीचा एक आठवडाही नाही. आणि पाचही वेळा उठून तेवढंच सांगितलं. मी यशवंत, मी मुलीबरोबर आलोय. एकदा वर जोडून, "आज नुसतं ऐकतो." एकदा, "घसा बसलाय." घसा बसलेल्या माणसानं परतीच्या गाडीत कंडक्टरशी टप्प्यांच्या हिशेबावरून कडेगावपर्यंत वाद घातला.

परतीची गाडी ही एक वेगळीच गंमत होती. आम्ही चौघंही एकाच एसटीनं कराडला यायचो, पण स्टँडवर पाय ठेवला की कुणी कुणाला ओळखायचं नाही. काशीद ड्रायव्हरच्या मागे. बाबर साहेब मधे, वर्तमानपत्रात. आम्ही मागे. एकदा गाडीत गर्दी होती आणि बाबर साहेबांच्या शेजारचीच एक जागा मोकळी होती. आबा तिथे जाऊन बसले. तासभर दोघं खांद्याला खांदा लावून बसले होते आणि एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. उतरताना आबा त्यांना म्हणाले, "कुठून आलात?" बाबर साहेब म्हणाले, "विट्याहून. तुम्ही?" आबा म्हणाले, "मीही." आणि दोघं दोन दिशांना गेले, खरं तर दोघांचीही घरं एकाच बाजूला होती.

पाचव्या रविवारी हणमंतदादांनी मला व्हरांड्यात थांबवलं.

"ताई, सर गप्प आहेत."

"घरी फार बोलतात."

"घरचं सोडा. जो इथं तोंडानं म्हणत नाही ना, तो सात-आठ आठवड्यांत गळतो. मी बघितलंय. एक दिवस म्हणतो, झालं माझं, आता मला यायची गरज नाही. त्या दिवसापासून मोजायला लागा."

सहाव्या रविवारी सकाळी आबांनी चपला घालता घालता सांगितलं, "पमे, आजची शेवटची. आता झालं माझं. सहा आठवडे म्हणजे काही कमी नाही. उगीच दर रविवारी तुझा दिवस मोडतो."

मी मनात मोजायला सुरुवात केली. त्या दिवशी बैठकीत आबा उठले, म्हणाले, "मी यशवंत. सगळ्यांचे आभार," आणि बसले. हणमंतदादांनी माझ्याकडे पाहिलं नाही. फळ्यावर त्या आठवड्यात 'आपले मदतनीस' होते.

एकची गाडी मिळाली. साखर कारखान्यांचे दिवस होते. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली. कडेगावच्या अलीकडे गाडी थांबली ती थांबलीच. पुढे एका ट्रॅक्टरची मागची ट्रॉली आडवी झाली होती आणि रस्ताभर ऊस पसरला होता. पलीकडे समोरून आलेली एसटीही अडकली होती. दोन्ही गाड्यांमधली माणसं उतरली. पहिली पाच मिनिटं सगळ्यांनी हळहळ केली, नंतर सगळ्यांनी ऊस खायला घेतला.

मग कळलं की एक मोटरसायकल थोडक्यात वाचली होती. नवरा, बायको आणि टाकीवर बसलेली तीनेक वर्षांची मुलगी. तिघंही रस्त्याकडेच्या चारीत पडली होती. खरचटण्यावर निभावलं होतं, पण बाई मुलीला घट्ट धरून रडत होती आणि गर्दीनं ट्रॅक्टरवाल्याला गाठलं होतं. तिशीचा माणूस. चाकाला टेकून बसला होता. त्याचा वास आमच्यापर्यंत येत होता.

"भर दुपारी पिऊन ट्रॅक्टर चालवतोस?" पांढऱ्या शर्टातला एक दांडगा गृहस्थ ओरडला. त्याच्या हातात ऊस होता, चांगला पाच-सहा फुटी. त्यानं तो वर उचलला.

"खाली ठेव तो ऊस."

तो आवाज मी पंधरा वर्षांत ऐकला नव्हता. तिसऱ्या तासाचा आवाज.  दांडग्या गृहस्थाचा हात आपोआप खाली आला आणि मग तो कुणाच्या सांगण्यावरून खाली आला हे बघायला तो वळला.

"सर? शेवाळे सर?"

"घाडगे ना तू? संपत घाडगे. शेवटून दुसरा बाक."

"हो सर." त्यानं अर्धवट वाकून आबांच्या पायाला हात लावला. दुसऱ्या हातात ऊस होताच. "पण सर, हा बघा. ती पोरगी मेली असती आज."

"मेली असती," आबा म्हणाले. "खरं आहे. त्याची किल्ली काढून घे. पोलिसांना फोन लाव. ते येईपर्यंत तो पळणार नाही, मी बसतो त्याच्याजवळ. पण मारायचं असेल तर मला आधी मार."

"तुम्हाला? तुम्हाला कशाला, सर?"

आबांनी खिशातून गुळाचा खडा काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि परत ठेवला.

"तुझी दहावी कोणत्या साली?"

"ब्याण्णव."

"त्रिकोणमिती झाली होती का तुमची?"

संपत घाडगेनं डोकं खाजवलं. "नव्हती झाली, सर. शेवटचे दोन महिने तुम्ही आजारी होता."

"मी आजारी नव्हतो," आबा म्हणाले. "मी शाळेत येत होतो. स्टाफरूममध्ये कडी लावून बसत होतो. वर्गात आलो तर फळ्यावर सरळ रेघ येईना, म्हणून येत नव्हतो." मग ते थांबले. त्यांनी सदऱ्याची बटणं तपासली. "मी यशवंत. मी दारुडा आहे. बेचाळीस दिवस घेतलेली नाही."

कुठेतरी कुणाच्या दातांखाली ऊस मोडला, तेवढाच आवाज झाला.

संपत घाडगे बराच वेळ हिशेब करत उभा होता.

"म्हणजे सर," तो शेवटी म्हणाला, "माझं गणित तुमच्यामुळं गेलं?"

"निम्मं माझ्यामुळं," आबा म्हणाले. "निम्मं तुझं तुलाच येत नव्हतं."

पहिल्यांदा हसला तो घाडगेच. मग त्याला हसल्याचं वाईट वाटलं. त्यानं ऊस गुडघ्यावर मोडून अर्धा आबांना दिला आणि किल्ली काढायला ट्रॅक्टरवर चढला.

गर्दीतून काशीद पुढे आले. त्यांचा चेहरा पांढरा झाला होता. "मी दिलीप," ते म्हणाले. "मीपण. पंधरा महिने."

"अगो बाई," आमच्या गाडीतली एक बाई म्हणाली. "मेडिकलवाले ना तुम्ही? मग माझ्या बीपीच्या गोळ्या?"

"गोळ्या बरोबर दिल्यात, मावशी. पंधरा महिने तर नक्कीच बरोबर दिल्यात."

समोरच्या गाडीतली तीन माणसं जराशी बाजूला उभी होती. त्यातला एक घसा खाकरून म्हणाला, "आम्हीपण तसलेच. आत्ता बैठकीहूनच निघालोय. कराडच्या मंडळाचे आम्ही."

"कराडच्या?" काशीद म्हणाले. "तुम्हाला कधी बघितलं नाही. कुठं राहता?"

"विट्याला."

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. विट्याचे तीन जण दर रविवारी आबांच्या शाळेत, आबांच्या वर्गात बसत होते आणि आम्ही चौघं त्यांच्या पोरांच्या चौथीत. दोन्ही गाड्या दर आठवड्याला कडेगावजवळ एकमेकींना ओलांडत होत्या.

मी बाबर साहेबांना शोधलं. ते गाडीतून उतरलेच नव्हते. खिडकीत वर्तमानपत्र उघडं दिसत होतं. पान मात्र उलटत नव्हतं.

आबा ट्रॅक्टरवाल्याशेजारी जमिनीवर बसले. तो आता रडत होता. आबांनी खिशातला गूळ काढला, त्यावरच्या मुंग्या फुंकल्या आणि त्याच्या हातावर ठेवला.

"विरघळेपर्यंत काही बोलू नकोस," ते म्हणाले.

पोलीस आले, त्याला घेऊन गेले. जाताना आबांनी त्याला रविवार, अकरा वाजता आणि शाळेचं नाव सांगितलं. तो कधी आला की नाही, मला माहीत नाही. दोन्ही शाळांमधल्या कुठल्याही बाकावर तो मला दिसला नाही.

ऊस बाजूला करायला तास लागला. गाडीत बसल्यावर आबा खिडकीबाहेर बघत होते.

"पुढच्या रविवारी," मी म्हटलं, "मग कराडलाच जाऊया की. आता लपवायचं काय राहिलंय?"

"नको," ते म्हणाले. "गाडीतली सोबत मोडेल."

ते उठून बाबर साहेबांच्या शेजारी जाऊन बसले.

ती सोबत अकरा वर्षं चालली. काशीदांनी दुकान मुलावर सोपवलं. हणमंतदादा थकले तशी फळ्याजवळची जागा आबांना मिळाली आणि तिथे उभे राहून ते नव्या माणसांना दिवस कसे मोजायचे ते सांगायला लागले. मी पहिल्या वर्षानंतर जाणं सोडलं. "तू सुधारलीस, असं मी त्यांना सांगितलंय," आबा म्हणाले. बाबर साहेब मात्र अकरा वर्षं त्यांच्या शेजारी वर्तमानपत्र धरून बसले आणि स्टँडवर त्यांना ओळखलं नाही. एकदा मला त्यांचा राग आला होता. आबा म्हणाले, "त्याला नसेल सांगायचं. एकही दिवस घेत नाही ना तो? मग झालं. त्रिकोणमिती सगळ्यांनाच जमते असं नाही."

आबा गेल्या महिन्यात गेले. लिव्हरनं नाही, हृदयानं. डॉक्टर म्हणाले, लिव्हर उत्तम होतं. आईनं ते सगळ्यांना सांगितलं, प्रमाणपत्र मिळाल्यासारखं.

दहाव्याला संगमावर बरीच माणसं होती. विधीला माझा चुलतभाऊ विलास बसला होता, पुण्याहून आला होता. नदीच्या कडेला एका बाजूला सात-आठ पुरुष उभे होते, एकमेकांपासून जरा अंतर ठेवून. आत्यानं त्यातल्या एकाला विचारलं, "तुमची कुठली ओळख?"

"एसटीतली," तो म्हणाला.

दुसऱ्यानंही तेच सांगितलं. तिसऱ्यानंही. "यशवंता काय कंडक्टर होता का?" आत्या मला म्हणाली.

पिंड ठेवला. कावळा येईना. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल. विलासनं कबूल केलं, काकूंना सांभाळीन. आत्यानं कबूल केलं, भांडणं मिटवीन. कावळे पिंपळावर बसून होते. अर्धा तास गेला.

"आवडीचं काहीतरी ठेवा," मागून कोणीतरी म्हणालं.

विलासनं माझ्याकडे पाहिलं नाही. तो लहानपणी सुट्टीत यायचा, तेव्हाचेच आबा त्याला माहीत होते. त्यानं पिशवीतून एक चपटी काढली, लेबल नदीकडे वळवून पिंडाशेजारी ठेवली. त्याचे डोळे भरलेले होते. त्यानं ते प्रेमानंच केलं होतं. आईनं डोळे मिटले. मला उठायचं होतं.  सगळे नातेवाईक, सगळी शाळा तिथे उभी होती आणि मी तोंड उघडलं असतं तर नुसतं रडूच आलं असतं.

त्या सात-आठ जणांतून एक म्हातारा पुढे आला. काखेत वर्तमानपत्र होतं. त्यानं ते घडी करून खाली ठेवलं, मग त्यावर चपला काढल्या. बँकेतले दोघं-तिघं त्याला बघून पुढे सरकले. "साहेब, तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"माझं नाव शंकर," बाबर साहेब म्हणाले. आवाज फार मोठा नव्हता, पण घाटावर ऐकू गेला. "मी दारुडा आहे. अकरा वर्षं, पाच महिने. सर माझ्या शेजारी बसायचे."

बँकेतले दोघं-तिघं होते तिथेच थांबले.

"ती तेवढी उचला, बाळ," ते विलासला म्हणाले.

विलासनं चपटी उचलली, खिशात घातली, मग खिशातून काढली, आणि ती कुठे ठेवावी ते त्याला कळेना. बाबर साहेब गुडघ्यांवर हात देत खाली बसले. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी गुळाचा खडा काढला, फुंकर मारली आणि पिंडाशेजारी ठेवला. मग तसेच बसून राहिले. आम्हीही सगळे गप्प बसलो, तो विरघळायची वाट बघितल्यासारखे.

कावळा काही पिंपळावरून हलला नाही. मुंग्या मात्र लगेच आल्या.